दात्याचे नाव आणि न छापलेले पान

आषाढीला मिरजेच्या बाजूने येणाऱ्या दिंड्या सांगोल्यावरून पंढरपूर गाठतात. वाटेवरच्या अन्नदानाच्या मंडपावर दात्याचे नाव ठळक असते. हल्ली वारकऱ्याच्या टोपीवर नि छत्रीवरही कंपनीचे बोधचिन्ह दिसते. गुप्तदानाला मान देणाऱ्यांना हे खुपते. गीतेच्या सतराव्या अध्यायाने परतफेडीच्या आशेने दिलेल्या दानाला राजस ठरवलेच आहे. तरी भुकेल्याचे पोट भरते, हे खरेच. भाकरीबरोबर दात्याचा हेतू पोटात जात नाही. मजकुराबरोबर मात्र तो डोक्यात जातो, म्हणून ज्ञानदानाला कसोटी वेगळी हवी.

तेल कंपन्यांची मासिके त्या कसोटीला लावून पाहावीत. 1914 साली अमेरिकेत लडलो येथे स्टँडर्ड ऑइलवाल्या रॉकफेलरांच्या ताब्यातील कोळसा खाणीचे संपकरी बायकामुलांसह मारले गेले. नाव सावरायला त्या घराण्याने आयव्ही ली हा प्रसिद्धीतज्ज्ञ नेमला. 1918 मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने ‘द लॅम्प’ काढले. 1949 पासून सौदी अरेबियात तेल काढणाऱ्या अरामकोचे ‘अरामको वर्ल्ड’ निघू लागले: फुकट, देखणे, अरबी सुलेखनापासून इस्लामी विज्ञानापर्यंत सगळ्यावर अभ्यासू लेख. राजकारण तेवढे वर्ज्य. पण तेलाच्या मुलखात राजकारण वर्ज्य म्हणजे तेल कोणाचे, हा प्रश्नच वर्ज्य. एकही ओळ खोटी न छापता हे साधते.

मग नाव लपवले तर दान शुद्ध होईल? 1948 च्या ‘लुइझियाना स्टोरी’ या फ्लाहर्टीच्या चित्रपटाला पैसा स्टँडर्ड ऑइलचा होता, पडद्यावर कंपनीचे नाव नव्हते. तेलविहीर खणणारी माणसे दलदलीत येतात आणि कसलाही डाग न ठेवता निघून जातात. इथे गुप्तदानच अधिक फसवे ठरले. नाव छापणारे मासिक त्यापेक्षा बरे. निदान वाचक सावध राहतो.

कोणी म्हणेल, कंपनीकडून याहून जास्त अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. त्याला उत्तर सांगोल्यापासून फार लांब नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तेही नांगरांच्या प्रसिद्धीसाठीच. शंकरराव किर्लोस्करांनी पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ केले आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले. सनातनी वाचक दुखावणारच होता, आणि तोच नांगराचे गिऱ्हाईकही होता! कारखान्याच्या गल्ल्याला झळ लागू शकेल असा मजकूर त्या मासिकाने पत्करला. ‘अरामको वर्ल्ड’ने तो पत्करला नाही, म्हणून विद्वत्तेने कितीही भरलेले असले तरी ते दान राजसच.