आधी कोण सुरू होणार?

ओळखीच्यांचे कॉम्प्युटर बघून द्यायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं येतंय. तक्रार ठरलेली असते: "स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." बहुतेकदा बिघडलेलं काहीच नसतं. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतो आणि स्टार्टअपची यादी बघतो. मीटिंगचं अ‍ॅप, गाण्यांचं अ‍ॅप, मुलाच्या गेमचा लाँचर, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. मालकाने पासवर्ड टाकला रे टाकला की हे सगळे कामाला लागतात आणि मालक गोल फिरणारं चिन्ह बघत बसतो.

यांना परवानगी मालकानेच दिलेली असते, फक्त न वाचता. इन्स्टॉल करताना आधीच टिक केलेला चौकोन तसाच राहतो. प्रत्येक कंपनीला आपला प्रोग्राम क्लिकसरशी उघडायला हवा असतो, म्हणून तो आधीच चालू करून ठेवायचा. एकेकट्याचं बघितलं तर यात गैर काही नाही. पण जुन्या हार्ड डिस्कला वाचणारं डोकं इकडून तिकडे सरकवत एकेक फाइल शोधावी लागायची. एसटी फलाटाला लागताच सगळे एकदम दाराशी जावेत आणि कुणालाच चढता येऊ नये, तसं व्हायचं. एसएसडी आल्यावर ही कोंडी बरीचशी सुटली. त्यामुळे नव्या लॅपटॉपवाल्यांना यादीची आठवणही होत नाही; रॅम आणि बॅटरी मात्र दिवसभर खर्च होत राहते.

डॉसच्या काळात हे सगळं ऑटोएक्झेक डॉट बॅट या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असायचं. ओळी वाचायच्या, नको ती खोडायची. पुढे विंडोजमध्ये यादी विखुरली. काही नोंदी स्टार्टअप फोल्डरमध्ये, काही रजिस्ट्रीत, काही सर्व्हिसेसमध्ये, काही ठरावीक वेळी चालणाऱ्या टास्कमध्ये. विंडोज 98 बरोबर यादीतली नावं बंद करायला एमएसकॉन्फिग हे साधन आलं. टास्क मॅनेजरमधली आजची सोय 2012 च्या विंडोज 8 पासूनची. खरी व्याप्ती बघायची असेल तर मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल यांचं ऑटोरन्स हे सॉफ्टवेअर चालवावं. ते इतक्या नोंदी दाखवतं की नवख्याने तिथे नुसतं बघावं, हात लावू नये.

टास्क मॅनेजर प्रत्येक नावापुढे 'हाय', 'मीडियम', 'लो' असा शेरा देतो. सुरू होताना सीपीयूचा 1 सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं की 'हाय'. लोक हा शेरा बघून भराभर सगळे 'हाय' बंद करतात, आणि मला तिथेच त्यांचा हात धरावासा वाटतो. शेऱ्यावरून खर्च कळतो, उपयोग कळत नाही. एका डीटीपीवाल्या ताईंकडे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर माझा कर्सर थांबला, तशा त्या म्हणाल्या, "अहो, त्याला हात लावू नका! सकाळी गिऱ्हाईक दारात असतं, आणि हे चालू नसलं की कळफलकातून नुसती इंग्रजी अक्षरं येतात." बरोबरच होतं त्यांचं. फायली क्लाउडवर चढवणारा प्रोग्रामही असाच. तो बंद केला तर मशीन चपळ वाटेल, आणि कॉपी वेळेवर झाली नाही हे डिस्क गेल्यावर कळेल. अँटीव्हायरसला तर मी हातच लावत नाही.

म्हणून हल्ली मी मालकाला शेजारी बसवतो आणि एकेका नावाला विचारतो, "हे रोज लागतं का?" उत्तर द्यायला लोकांना वेळ लागतो. काही नावं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलेली असतात. बंद केलं म्हणजे काढून टाकलं नाही, हवं तेव्हा डबल क्लिक करून उघडता येतं, हे सांगितलं की चेहरे सैल होतात. सगळ्यात गंमत येते ती 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणणारं फुकटचं सॉफ्टवेअर त्याच यादीत सापडतं तेव्हा. त्याच्यापुढे शेरा 'हाय' असला की मी तो मालकाला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवतो.

एकदा साफ केलेली यादी साफ राहत नाही. एखादं अपडेट येतं आणि बंद केलेलं नाव पुन्हा हजर होतं. मॅकवर 2022 च्या व्हेंचुरापासून कुणी नवा या यादीत शिरला की कोपऱ्यात सूचना येते. सोय चांगली आहे. माझ्या ओळखीचे मॅकवाले ती न वाचताच बाजूला सारतात.