नावेतला आर्यभट, नावेतले ज्ञानेश्वर

सीबीडी बेलापूर स्थानकात दोन लोकल शेजारी उभ्या असल्या की एक गंमत होते. पलीकडची गाडी पनवेलकडे निघते आणि खिडकीतल्या प्रवाशाला क्षणभर आपलीच गाडी मागे सरकतेय असं वाटतं. फलाटावरच्या खांबाकडे नजर गेली की भ्रम फिटतो.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, लोकल नव्हती, नाव होती. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात आणि लगेच पुढे सूर्याचा दाखला येतो: उदयास्तामुळे तो चालतोसा वाटतो, पण चालत नाही. कीर्तनात, व्याख्यानात, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही ही ओवी एका ठरावीक शेपटासह येते. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ चा. आमच्या माउलींनी अडीचशे वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं!

दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. सूर्याचं चालणं हा भास आहे, एवढं ओवी खरोखर सांगते. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्यात कुठेच नाही. विषय आहे कर्म आणि अकर्म: सगळी कर्मं करूनही जो स्वतःला अकर्ता जाणतो, तो कसा असतो? त्यासाठी सूर्य हा दृष्टांत. आणि दृष्टांत श्रोत्याला आधीच पटणारा असावा लागतो. नवा शोध जाहीर करायची ती जागा नव्हे.

नावही नवी नव्हती. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ती आहे. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं आर्यभट म्हणतो. पण तो तिथे थांबत नाही, आकडा देतो. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात. भागाकार केला तर ताऱ्यांच्या संदर्भात एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात; आजचं मापही जवळपास तेच. मात्र ही फेरी स्वतःभोवतीची. आर्यभटाच्या गणितातही सूर्य पृथ्वीभोवतीच फिरतो, त्यामुळे कोपर्निकसशी बरोबरी इथेही जुळत नाही.

शिवाय आर्यभटाचं म्हणणं कुणी मुकाट्याने मान्य केलं नाही. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले पक्षी घरट्यात परत कसे येतात, असं वराहमिहिराने विचारलं. उंच वस्तू कोसळत का नाहीत, असं ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये विचारलं. काही टीकाकारांनी तर श्लोकाचा अर्थच फिरवला. आक्षेप चुकीचे ठरले, पण आकड्याशी आणि कारणाशी भांडता येत होतं.

प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी असं भांडण झालं तेव्हा फार काही उरलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या विज्ञान काँग्रेसमध्ये, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणाऱ्या प्राचीन विमानांचा दावा या ग्रंथाच्या आधारे झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी हा ग्रंथ १९७४ मध्येच तपासला होता. मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, ही मुंबईची लाडकी गोष्टही समकालीन भक्कम पुराव्याविना अजून हवेत आहे.

त्याच सुमारास कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित वेगळ्या वाटेने जुन्या ग्रंथांकडे पाहत होते. त्यांचं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ १८९६ मध्ये प्रसिद्ध झालं. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, हे शतपथ ब्राह्मणातलं विधान त्यांनी अभिमानाने मिरवलं नाही, गणिताला बसवलं. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकतात. कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील? इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास, असं उत्तर त्यांनी काढलं. या अनुमानावर पुढे विद्वानांनी आक्षेप घेतले आणि वाद चालू राहिला.

त्या वादातली निम्मी बाजू बेलापूरकरालाही पडताळता येते. कार्तिकातल्या संध्याकाळी पारसिक टेकडीवर होकायंत्र घेऊन उभं राहावं. शहराच्या दिव्यांवरून कृत्तिकांचा पुंजका वर येताना दिसतो, पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे ढळलेला.