परकेपण आणि धोका : गॉथिक प्रणयकथेतील एक नैतिक प्रश्न

युवा वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या गॉथिक प्रणयकथेचा नायक बहुधा अनोळखी असतो. त्याचा पूर्वेतिहास झाकलेला असतो, आणि त्याच्या सहवासात धोका आहे हे नायिकेला लवकरच उमगते. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती त्याच्याकडे ओढली जाते. अशी कथा मुलींना हिंसेची गोडी लावते, असा एक आक्षेप घेतला जातो. उलट, कुटुंबाने आखलेल्या मर्यादेबाहेरचा पुरुष निवडण्याचे स्वातंत्र्य ती देते, असे समर्थनही केले जाते. दोन्ही प्रतिपादनांत एक गृहीतक समान आहे : परकेपण आणि धोका ही एकच गोष्ट होय.

मराठी कुटुंबव्यवस्थेला हे समीकरण अपरिचित नाही. जातीबाहेरचा, प्रांताबाहेरचा, ज्याचे घराणे ठाऊक नाही असा पुरुष तेथे संशयास्पद ठरतो. भयकथेने हाच संशय वापरला. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेल्या नारायण धारपांच्या 'लुचाई'त परक्याचे आगमन हेच अरिष्टाचे आगमन ठरते. कुटुंब म्हणते, परका म्हणून धोकादायक. प्रणयकथा म्हणते, धोकादायक म्हणून मोहक. मूल्यनिर्णय बदलला, समीकरण तेच राहिले. वास्तव मात्र त्याला दुजोरा देत नाही. भारतात नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या परिचयाचाच असतो.

म्हणून नायक किती गूढ आहे यापेक्षा, त्याच्या कृतीचा न्याय संहिता करते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. 'जेन एअर'मध्ये (१८४७) रॉचेस्टरची पहिली पत्नी त्याच घरात कोंडलेली आहे, हे कळताच जेन घर सोडते. ती परतते ती वारशामुळे स्वतंत्र झाल्यावर. प्रेम शिल्लक असूनही ती त्याच्या फसवणुकीला प्रेमाचे नाव देत नाही. 'ट्वायलाइट'मध्ये (२००५) एडवर्ड सतरा वर्षांच्या बेलाच्या खोलीत तिच्या नकळत शिरून तिला झोपेत न्याहाळतो. तिला हे पुढे कळते. पण कथेच्या लेखी तो अपराध ठरत नाही, आसक्तीची खूण ठरतो. त्याने इजा केली नाही याबद्दलची कृतज्ञता येथे प्रेमाची जागा घेते. नैतिक दोष आहे तो येथे. रक्तपिपासू नायकाच्या कल्पनेत नव्हे.

या समीकरणाची परीक्षा उलवेसारख्या ठिकाणी अधिक स्पष्ट होते. सिडकोने विकसित केलेल्या या भागातील नव्या इमारतींत जवळजवळ प्रत्येक शेजारी बाहेरून आलेला आहे. तेथे गॉथिक कथेला लागणारा जुना वाडा नाही. पण गाडलेला भूतकाळ आहे. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी येथील टेकडी छाटली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. सदनिकेच्या खिडकीतून अनोळखी तरुणाकडे पाहणारी नायिका या भूमीला स्वतःच परकी आहे. विस्थापिताच्या दृष्टीने गूढ आगंतुक तीच.

परकेपण हा कोणाचा गुणधर्म नसून पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असलेला संबंध आहे. धोका मात्र कृतीत असतो, आणि कृतीचा जाब विचारता येतो. परक्यावर प्रेम करण्याचे धैर्य आणि प्रियकराला जाब विचारण्याचे धैर्य ही दोन्ही एकाच नायिकेला देणारी कथा कुटुंबाचा संशय नाकारते आणि प्रणयकथेची भूलही.