मातीवर कुंभाराचा अधिकार

केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगरीचे नाव आढळते. १९७३ साली येथे उत्खनन झाले. पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य असलेल्या इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे सारे कौतुक करतात. चाकावर मडकी घडविण्याचा छंद आम्ही सेमिनरीपासून जोपासल्याने आमची नजर मात्र खापरांवर खिळते. भाजलेली माती दोन हजार वर्षांतही पुन्हा चिखल झाली नाही!

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, तेव्हा हातातले मडके बिघडले आणि कुंभाराने त्याच मातीचे दुसरे घडविले (अध्याय १८). संत पौल मात्र रोमकरांस विचारतात, मातीवर कुंभाराचा अधिकार नाही काय? या प्रश्नाने पुष्कळांचे मन दबते. मुलगा दारूच्या आहारी गेला की आईबाप आम्हांला विचारतात, "फादर, देवानेच याला असा घडविला का?"

संक्रांतीची सुगडे, उन्हाळ्याचे माठ ठरल्या वेळी बाजारात नेणाऱ्या कुंभाराला बिघडलेल्या मडक्यापाशी रेंगाळायला सवड नसते. हा त्याचा दोष नव्हे, पोट आहे. छंदिष्टाला सवड असते. माती नीट मळली गेली नाही की गोळा चाकाच्या मध्यावर बसला नाही, हे तो पाहत बसतो. आणखी एक नवल: अर्धवट वाळलेले कच्चे मडके पाण्यात लवकर विरघळत नाही, खडखडीत वाळलेले मात्र पाण्यात टाकताच ढासळून चिखल होते.

देव यांतला कोणता कुंभार? पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली शिकविले की, देवाने सृष्टी निर्माण केली ती स्वतःचे सुख वाढावे म्हणून नव्हे. शब्द धीट वाटेल, पण सृष्टी हा देवाचा धंदा नव्हे, छंद आहे. ज्याला बाजार गाठायचा नाही, त्याच्या अधिकाराची भीती का वाटावी? कोणी म्हणेल, छंद काय, मन विटले की चाक अडगळीत! ती हौस झाली. हौसेला किंमत मोजावी लागत नाही. देवाने ती क्रुसावर मोजली.

आव्यातून निघालेल्या भांड्याचे मात्र वेगळे. यिर्मयाच्या पुढच्याच अध्यायात फोडलेली सुरई पुन्हा जुळत नाही. माणसाचा आवा म्हणजे मृत्यू, असे आम्ही समजतो; तोवर कोणी कोणाला पक्के ठरवू नये. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखून नामदेवांना कच्चे मडके ठरविल्याची कथा सर्वश्रुत आहे. लोक त्यात नामदेवांचा अपमान पाहतात. आम्हांला त्यात आशा दिसते, कारण पुढे त्याच नामदेवांना विसोबा खेचर गुरू लाभले.

त्या आईबापांना आम्ही हीच कथा सांगतो. बाप बहुधा गप्प राहतो. आई विचारते, "पण फादर, तोवर घरी त्याला वाढायचं कसं?" मग बोलणे कुंभारावरून पोळीभाजीवर येते, आणि तेच बरे.