७३ सामन्यांचा हिशोब कुणाकडे?

तेनेरिफ बेटावरच्या तेगेस्ते गावचा फुटबॉलपटू पेद्री २०१९ च्या ऑगस्टमध्ये लास पाल्मास क्लबकडून स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. वर्षभरात तो बार्सिलोनाच्या मधल्या फळीत रुजला. २०२०-२१ च्या हंगामात क्लब, स्पेनचा २१ वर्षांखालील संघ, मुख्य संघ आणि ऑलिम्पिक संघ मिळून तो ७३ सामने खेळला. २०२१ मध्ये कोपा ट्रॉफी आणि गोल्डन बॉय हे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. त्याच सुमारास मांडीच्या दुखापती सुरू झाल्या आणि पुढच्या हंगामात तो बार्सिलोनासाठी जेमतेम २२ सामने खेळू शकला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. दुखापतीमागे एकच कारण क्वचितच असतं. पण अठरा वर्षांच्या मुलावर पडणारं एकूण ओझं मोजण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न उरतोच. ती कुणाचीच नव्हती, आणि दोष नेमका तिथे आहे.

यात कुणी खलनायक नाही. त्या हंगामात पैशांच्या आणि निकालांच्या अडचणीत सापडलेल्या बार्सिलोनाने आपला भरवशाचा खेळाडू ५२ सामन्यांत खेळवला, हे समजण्यासारखं आहे. स्पेनचे तेव्हाचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी युरो स्पर्धेत ६३० पैकी ६२९ मिनिटं त्याला मैदानावर ठेवलं, तेही समजतं. तो स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. ६ जुलैला वेम्ब्लीवर इटलीविरुद्ध १२० मिनिटांची उपांत्य लढत आणि पेनल्टी शूटआउटमधला पराभव झाला. २२ जुलैला तोच मुलगा जपानमध्ये सप्पोरोच्या मैदानावर ऑलिम्पिकचा पहिला सामना खेळत होता आणि ७ ऑगस्टला अंतिम सामना. प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्यासमोरच्या स्पर्धेपुरता विचार केला. प्रत्येकाचा निर्णय सुटा पाहिला तर रास्त, पण त्यांची बेरीज रास्त नव्हती. शिवाय मिडफिल्डरच्या खेळात विसावा कमी असतो: बचावाला मागे धावायचं, चढाईला पुढे, आणि प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना चेंडू घेऊन क्षणात वळायचं.

यावर पहिला आक्षेप असा की खेळाडूलाच खेळायचं होतं, आणि खेळूनच तर शिकता येतं. दोन्ही खरं आहे. मधल्या फळीतली जाण सरावाच्या मैदानावर पुरती येत नाही. पण ज्याला नुकतीच संधी मिळाली आहे, त्याने संघनिवडीला नकार द्यावा अशी अपेक्षा करणं म्हणजे सर्वांत कमजोर माणसावर सर्वांत अवघड निर्णय ढकलणं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेद्री सावरला, २०२४-२५ मध्ये हान्सी फ्लिक यांच्या हाताखाली जवळपास अखंड खेळला आणि बार्सिलोनाने ला लिगा व कोपा देल रे जिंकलं. मग बिघडलं काय? यातून पेद्रीची चिकाटी सिद्ध होते, व्यवस्थेचं शहाणपण नाही. बार्सिलोनाचं वैद्यकीय आणि व्यायामविषयक पाठबळ फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सावरलेल्यांकडे पाहून धोरण ठरवलं, तर न सावरलेले हिशोबातच येत नाहीत.

मर्यादा घालणं अव्यवहार्य आहे, असंही म्हटलं जातं. पण इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांनी एका दिवसात किती षटकं टाकावीत, याचे वयोगटानुसार नियम केले आहेत. संघाची गरज कितीही निकडीची असली, तरी ठरलेली षटकं संपली की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. फुटबॉलमध्येही वीस वर्षांखालच्या खेळाडूसाठी क्लब आणि देश मिळून मिनिटांची एकच नोंद ठेवता येईल, वर्षाकाठी सलग विश्रांती सक्तीची करता येईल, आणि एका उन्हाळ्यात दोन मोठ्या स्पर्धा खेळवण्यास मनाई करता येईल. याने काही सामन्यांत संघ दुबळा पडेल, प्रेक्षकांचा हिरमोड होईल. ती किंमत मोजायला हवी, कारण आज ती एकटा खेळाडू स्वतःच्या शरीराने मोजतो आहे. तरुण गुणवत्तेचा फायदा ज्या संस्था वाटून घेतात, त्यांनी तिच्या जपणुकीची जबाबदारीही लेखी वाटून घेतली पाहिजे.