थोरल्याचा टीव्ही, धाकट्याचा टीव्ही

इचलकरंजीच्या गावभागात एका घराला दोन दारं आहेत. रस्त्यावरचं दार थोरल्याचं आणि बोळातल्या जिन्यानं वर गेलं की धाकट्याचं. वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. भांडण असं कधी झालं नाही, चुली तेवढ्या दोन झाल्या. थोरला यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर आहे. माग अडला की त्याला हाक जाते. धाकटा पतसंस्थेत कारकून. आई दोघांची, एक महिना खाली, एक महिना वर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ होता, त्यामुळे उतरले ते त्याहून मोठे. दसरा दहा दिवसांवर होता. दुकानांवर ‘दहा टक्के स्वस्त’ अशा पाट्या लागल्या. धाकट्यानं फोनवर एक मॉडेल हेरून ठेवलं होतं: ५५ इंची, फोर-के, कंपनी फारशी कुणी नाव न ऐकलेली. बत्तीस हजारांचा तो टीव्ही आता साडेएकोणतीस हजारांना मिळत होता. नामांकित कंपन्यांचा तेवढाच मोठा टीव्ही घ्यायचा तर आणखी बरेच पैसे घालावे लागले असते.

थोरल्याला टीव्हीचं वेड नाही. पण ‘वर येतोय तर खाली पण येऊ दे की’ असं थोरल्या वहिनींनी म्हटलं, आणि भिशीही नुकतीच लागली होती. घरातल्या निम्म्या खरेद्या शेजारच्या दाराकडे बघूनच होतात. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, फ्रीज आणि मिक्सरही असेच घरोघरी पोचले.

खंडेनवमीला मागांची पूजा आटोपल्यावर थोरला बापूंच्या दुकानात डोकावला. बापू टीव्ही दुरुस्त करतात. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा ते नवखे कारागीर होते, आणि रविवारी सकाळी कुणाचा सेट बंद पडला की माणसं त्यांना अंघोळीवरून उठवून न्यायची.

“बापू, पंचावन्न इंची घेऊ काय? दहा टक्के उतरलाय म्हणं.”

“आठ पण न्हाई पुरतं. शंभराचा माल आधी एकशे अठ्ठाविसाला पडत होता, आता एकशे अठराला. दहा रुपये उतरले ते एकशे अठ्ठाविसातनं. पाटीवाल्याचं गणित कच्चं हाय, न्हाईतर लई पक्कं हाय.” बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. “लावणार कुठं?”

“सोप्यात. आतल्या भितीला.”

“आणि बसणार कुठं?”

“दाराजवळच्या बाकावर. दहा-अकरा फूट असंल तिथनं.”

“बघणार कवा?”

“पाळी सुटल्यावरच की. रात्री नऊच्या पुढं.”

“आवाजाचं काय?”

थोरला हसला. बारा-बारा तासांच्या पाळ्या मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू आवाज ऐकूच येत नाही. पोरानं कधी काळी आणलेली म्युझिक सिस्टीम माळ्यावर पडून होती, ती काढून जोडायचं त्यानं ठरवून टाकलं होतं.

“मग घे जा,” बापू म्हणाले आणि खाली मान घालून डाग द्यायला लागले. परतताना थोरल्याला वाटलं, म्हाताऱ्यानं कंपनी विचारली नाही, मॉडेल विचारलं नाही, हा कसला सल्ला?

धाकटा बापूंकडे गेला नाही. त्याला गरज वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर अभ्यास त्याचाच जास्त होता. दसऱ्याच्या सकाळी दुकानात त्यानं पोर्ट किती, रॅम किती, एचडीआर आहे का, साठवायला जागा किती, सगळं विचारलं. विकणाऱ्या पोरानं सगळ्याची उत्तरं दिली आणि एकही खोटं दिलं नाही. समोरच्या टीव्हीवर हिरवे-लाल पोपट संथपणे उडत होते, मग धबधबा, मग कापलेलं कलिंगड. धाकट्याची बायको म्हणाली, “आगं बाई, पाणी आंगावर येतंय की!” हप्ते ठरले. थोरल्यानं रोख दिले. एकाच टेम्पोतून एकाच मॉडेलची दोन खोकी गावभागात आली आणि कंपनीच्या माणसानं एकाच दुपारी दोन्ही भिंतींना एकसारखे ब्रॅकेट ठोकले.

दिवाळी उलटेपर्यंत धाकट्याचं तोंड उतरलं होतं.

वरची खोली नऊ बाय दहाची. गच्चीवर चढवलेलं बांधकाम, म्हणून उजेड भरपूर आणि पश्चिमेला मोठी खिडकी. टीव्ही बरोबर तिच्यासमोर. मधे दिवाण, म्हणजे बघणारा स्क्रीनपासून जेमतेम पाच फुटांवर. पोरं बाजूच्या कॉटवर लोळून तिरकं बघणार. दुपारी क्रिकेट लावलं की मैदानापेक्षा खिडकीचे गज ठळक दिसायचे. त्यावर उपाय म्हणून धाकट्यानं उजेड शंभरावर नेऊन ठेवला होता. कॉटवरून रंग फिके दिसत. संध्याकाळच्या मालिका केबलवरून यायच्या, त्यातल्या बायकांचे चेहरे ओल्या कागदावर काढल्यासारखे पसरट.

आईची वरची पाळी चालू होती. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, “माणसं नुसती पुटपुटत्यात. खालच्या टीव्हीतली बरी बोलत्यात.” म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून कुणी ते मनावर घेतलं नाही. वास्तविक घरातली सगळ्यात नेमकी तक्रार तीच होती.

खाली मात्र मैफल भरायची. रात्री दार लोटलं की सोपा अंधारा. अकरा फुटांवरचा बाक, पोरानं घेतलेलं फायबरचं इंटरनेट, कोपऱ्यात म्युझिक सिस्टीमचे दोन ठोकळे. शेजारची दोन-तीन माणसंही मॅचला येऊन बसायची. धाकटा एकदा पाणी प्यायला म्हणून खाली आला आणि उभ्यानंच तासभर बघत राहिला. वर जाताना त्याचा निष्कर्ष पक्का झाला होता: दादाला चांगला पीस लागला, आपल्याला खराब.

त्यानं कंपनीत तक्रार नोंदवली. माणूस आला, रिमोटवर चार बटणं दाबली, ‘सेट ओके’ लिहून सही घेऊन गेला. धाकट्याचा संशय आणखी वाढला.

“मग माझा घे की,” थोरला म्हणाला. “मला कुठला पण चालतोय.”

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं, की धाकट्याला नाही म्हणायची सोय राहिली नाही. रविवारी सकाळी बापूंना बोलावणं गेलं. बापूंनी आधी दोन्ही सेटची चित्राची सेटिंग सारखी केली. धाकट्याचा टीव्ही तर अजून दुकानाच्याच मोडवर होता, निळसर आणि भगभगीत. दुकानात ट्यूबलाइटच्या माऱ्यात उठून दिसावा म्हणून असतो तो मोड. सिनेमा मोड लावल्यावर धाकट्याची बायको म्हणाली, “पिवळं दिसतंय.” “चार दिवस बघा,” बापू म्हणाले, “मग ते निळं बघवणार न्हाई.”

मग वरात निघाली. ब्रॅकेट सारखेच, त्यामुळे काढायचं आणि अडकवायचं एवढंच काम. पण बोळातला जिना अरुंद, आणि पंचावन्न इंची स्क्रीन म्हणजे रुंदीला चार फूट. “आडवा धरू नका, उभाच धरा! काचंला हात न्हाई! पॅनेल फुटलं तर वॉरंटीत येत न्हाई, आणि नवीन पॅनेल घ्यायचं तर निम्मा-अधिक टीव्ही तिथंच आला.” बोळातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. वाटणी पुन्हा चालली आहे असं एकीला वाटलं.

दुपारी सगळे वर बसले. मॅच लावली. थोरल्याचा, नावाजलेला, चांगला पीस. त्याच्यात खिडकीचे गज दिसले, गजांमागची नारळाची झावळी दिसली आणि मधोमध दिवाणावर बसलेला धाकटा स्वतः दिसला. कुणी काही बोललं नाही. रात्री खाली गेले. खराब पीस अंधाऱ्या सोप्यात, अकरा फुटांवर, दोन ठोकळ्यांच्या आवाजात झकास चालला होता. फक्त थोरल्याच्या टीव्हीवर आता पोरांची कार्टून्स सुचवली जात होती, कारण पुतण्यांचं खातं सेटबरोबर खाली आलं होतं.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं विचारलं, “म्हणजे मला फसवलं?”

“कुणी?” बापू म्हणाले. “खोक्यावर लिवलं ते सगळं आत हाय. पंचावन्न इंच हायत, फोर-के हाय. त्यात काटछाट करता येत न्हाई, मोजून घेतंय गिऱ्हाईक. काटछाट कुठं करत्यात? जे गिऱ्हाईक मोजत न्हाई तिथं.” आणि मग त्यांनी टीव्ही थोडा पुढं ओढून पाठीमागचं दाखवलं. स्पीकर खालच्या कडेला, तोंड जमिनीकडं. आवाज भिंतीवर आपटून येतो, म्हणून बोलणं दबतं. मागच्या एलईडी पट्ट्यांचा उजेड बेताचा. रात्री पुरतो, पश्चिमेच्या उन्हापुढं नाही. एचडीआरचा शिक्का असतो, म्हणजे तसा सिग्नल तो घेतो. पण तो झळाळ दाखवायला पट्ट्यांत दम लागतो, आणि तो शिक्क्याबरोबर येत नाही. “आणि उजेड सारखा शंभरावर ठेवू नगं. पट्ट्या तापत्यात, लवकर जात्यात. आठवड्याला असा एक तरी सेट माझ्याकडं येतोय.”

“पण केबल तरी नीट दिसायला पाहिजे की नाही? जुन्या चोवीस इंचीवर नीट दिसत होती.”

साध्या केबलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर थोडे ठिपके असतात. फोर-के पॅनेलवर जवळपास ८३ लाख. एकेका ठिपक्यावर वीस ठिपक्यांची जागा भरायची पाळी येते, आणि स्क्रीन तर चोवीस इंचीच्या पाचपटीहून मोठी. महागडा टीव्ही हे भरणं जरा सफाईनं करतो, स्वस्त टीव्ही ढोबळ करतो. बापू हे आकडे सांगायला लागले तेव्हा धाकट्याच्या कपाळावर आठ्या होत्या. थोरला मधेच म्हणाला, “आरं, सूत तेवढंच आणि पन्हा वाढवलास, तर कापड विरळच येणार.” धाकट्याच्या आठ्या गेल्या. जॉबरच्या भावाला एवढं कळणारच.

“मग दादाच्यात का दिसत न्हाई विरळ?”

“तो लांब बसतोय आणि इंटरनेटवरचं बघतोय. त्याच्यात पण खोट हायच की.” आणि ती होती. थोरल्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ॲप उघडताना टीव्ही आताच रेंगाळायला लागला होता. स्वस्त टीव्हीचं पॅनेल टिकतं, त्याचं डोकं आधी म्हातारं होतं. बापूंच्या मते त्यासाठी टीव्ही बदलायचं कारण नाही. तीन-चार हजारांची स्टिक मागं लावली की झालं. साडेएकोणतीस अधिक हे तीन-चार, असा खरा हिशेब. थोरल्याच्या सोप्याला तरीही तो परवडतो. एवढी मोठी स्क्रीन एवढ्या पैशांत पूर्वी मिळतच नव्हती, आणि रात्री अंधारात बघणाऱ्याला महागातला जास्तीचा झळाळ लागत नाही. अकरा फुटांवरून फोर-के आणि त्याच्या खालचं फुल एचडी यातला फरकही डोळ्याला कळत नाही.

“आणि माझ्या खोलीला?”

बापूंनी खिशातून टेप काढला. ते दसऱ्याच्या आधी झालं असतं तर त्यांनी त्रेचाळीस इंची सांगितला असता आणि उरलेल्या पैशांतून एक साउंडबार. आता घेतलेला टीव्ही परत होणार नव्हता आणि हप्ते चालू होते. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर न्यायचा, म्हणजे ऊन समोरून येणार नाही. दिवाण उत्तरेच्या भिंतीला टेकवायचा, साडेसात फूट मिळतात. पोरांची कॉट खिडकीखाली. केबलवाल्याकडून निदान आईच्या दोन वाहिन्या एचडी करून घ्यायच्या. आवाजासाठी दिवाळीच्या बोनसमधून काही उरलं असलं तर बघायचं. आणि खिडकीला पडदा.

“पडदाच न्हाई व्हय रे खिडकीला?” थोरल्या वहिनी म्हणाल्या. ज्या गावात रात्रंदिवस कापडच निघतं, त्या गावातल्या या घरात पाच वर्षं ती खिडकी उघडीच होती. थोरला दुसऱ्या दिवशी कारखान्यातून जाड कापडाचा एक तुकडा घेऊन आला. रंग धाकट्या जावेला पसंत पडला नाही, पण लावला.

आईची खालची पाळी सुरू व्हायला चार दिवस होते. तिनं विचारलं, “तवर वरची माणसं बोलायला लागत्यात का?”

टीव्ही पुन्हा आपापल्या घरी न्यायचा विषय निघाला, पण जिन्याकडं बघून कुणी उत्साह दाखवला नाही. बापू पायात चपला घालून बोळात उतरले आणि तिथूनच वर तोंड करून ओरडले, “वॉरंटीची कार्डं तेवढी बदला रे! पाठचा नंबर बिलाशी जुळला न्हाई तर कंपनीचा माणूस दारातनंच माघारी जाईल!”