परवान्यात नेमके काय संपते?

अमेरिकेत मालिश करणाऱ्याच्या परवान्याची मुदत बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांनी संपते. त्या दिवशी त्याच्या हातातले नेमके काय संपलेले असते? अमेरिकेतील बहुतेक राज्ये हा परवाना देतात आणि नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचे शिक्षण मागतात: फ्लोरिडात दोन वर्षांत २४ तास, टेक्ससमध्ये १२, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६. कॅलिफोर्नियात प्रमाणपत्र देणारी परिषद असे तास मागतच नाही. म्हणून तिथले हात लवकर विसरतात, असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. मग हे तास मोजले जातात ते कशासाठी?

शिकणे एकदाच पुरते की पुनःपुन्हा करावे लागते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार बारकाईने हाताळला आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते. तिथे भाष्य करताना शंकराचार्य मीमांसकांचा एक भेद वापरतात. ज्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही ते कर्म, उदाहरणार्थ यज्ञातील प्रयाज नावाच्या आहुती, शास्त्राने जितके सांगितले तितकेच करायचे. एकदा केले की ते पुरे झाले. ज्याचे फळ दिसते, ते मात्र फळ दिसेपर्यंत चालू ठेवायचे. भात कांडताना घाव मोजत नाहीत. तूस निघून तांदूळ दिसला की मुसळ थांबते. श्रवण आणि मनन, म्हणजे ऐकून शिकणे आणि त्यावर विचार करणे, ही दुसऱ्या जातीची आहेत, असा आचार्यांचा निर्णय आहे.

या कसोटीवर तासांचा नियम विचित्र ठरतो. मालिशीचे फळ दिसणारे आहे: ताठरलेली मान वळते किंवा वळत नाही. तरी नूतनीकरणाची पद्धत अदृष्ट फळाच्या कर्मासारखी आहे. संख्या पूर्ण झाली, पावती मिळाली, पुण्य जमा झाले. वर्गात बसलेल्याचा अंगठा आता दाब ओळखतो का, हे त्या पावतीला विचारता येत नाही.

भारतात, उदाहरणार्थ भोपाळमध्ये, हाच प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. तात्या टोपे नगरातील जवाहर चौकात कोणी मालिश केंद्र उघडले, तर त्याला मध्य प्रदेशच्या १९५८च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली गुमास्ता, म्हणजे नोंदणीचा दाखला, काढावा लागतो. पण तो कागद दुकानाचा असतो, हाताचा नसतो. २०२१च्या सहबद्ध आरोग्य व्यवसाय कायद्यात फिजिओथेरपिस्टची नोंदणी आहे. मालिश हा स्वतंत्र व्यवसाय त्यात नाही. त्याच शहरात पंडित खुशीलाल शर्मा शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे पंचकर्म शिकलेला वैद्य नोंदणीकृत असतो. आणि शहरातल्या कुठल्याही मराठी घरात बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला येणारी बाई कुठेच नोंदलेली नसते. तिचे नूतनीकरण दर बाळंतपणाला होते, शेजारच्या घरातून आलेल्या शिफारशीने. तूस निघाले की नाही, हे बघणारी ही पद्धत आहे. मात्र तिची उणीवही उघड आहे: चुकीचा दाब पडला तर विचारणारे कोणी नसते, आणि शिफारस आजीच्या सवयीवर चालते.

म्हणून परवाना निव्वळ पाश्चात्त्य कारकुनी म्हणून झटकून टाकता येत नाही. सुश्रुताने वैद्याला व्यवसायात उतरण्याआधी ज्या अटी घातल्या, त्यांत ग्रंथ शिकलेला असणे, कर्म पाहिलेले असणे आणि हाताने सराव केलेला असणे यांच्यासोबत राजाची अनुज्ञाही आहे. अडाणी वैद्य लोकांचे जीव घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही तो बजावतो. म्हणजे परवान्याची जबाबदारी देणाऱ्यावरही येते. ही अनुज्ञा दर दोन वर्षांनी नवी करावी, असे मात्र तिथे कुठे नाही.

पुढच्या शिक्षणाची सोय चरकसंहितेत आहे, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, आणि ती तासांहून कितीतरी चतुर आहे. समान विद्या असलेल्यांनी एकत्र बसून चर्चा करावी: कधी मैत्रीने, कधी वादाने. त्याने शंका फिटतात आणि न ऐकलेले ऐकायला मिळते. शिवाय, गुरू जे गुपित आज्ञाधारक शिष्याला प्रसन्न झाल्यावर हळूहळू सांगतो, ते जिंकण्याच्या भरात एका दमात बोलून जातो! माणसाच्या स्वभावाची इतकी धूर्त जाण कुठल्याच नियमावलीत सापडत नाही.

एवढे म्हटल्यावर तासांच्या बाजूनेही काही उरते. जून २०१९मध्ये पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागाने इंदूरहून सुटणाऱ्या ३९ गाड्यांत डोके व पायांची मालिश देण्याची योजना जाहीर केली. डब्यात स्त्रिया असताना हे शोभेल का, असा आक्षेप लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी घेतला; इंदूरच्या खासदारांनीही विरोध केला आणि योजना सुरू होण्याआधीच मागे घेतली गेली. मालिश करणाऱ्याला मालिश येते का, यावर वाद नव्हताच. अनोळखी माणसाच्या अंगाला, चारचौघांत, कोणी कोणत्या मर्यादेत हात लावावा, एवढाच तो होता.

ही मर्यादा हाताच्या कसबासारखी सरावाने पक्की होत नाही. उलट, रोजच्या सवयीने ती बोथट होते. वीस वर्षे काम केलेल्याला समोरच्याची संमती विचारण्याचे भान नवशिक्यापेक्षा कमी असू शकते. फ्लोरिडाच्या २४ तासांत व्यावसायिक नीतीला आणि वैद्यकीय चुका टाळण्याला राखीव तास आहेत, त्याला यामुळे अर्थ येतो. तसेच माहितीचे: पायाच्या शिरेत गुठळी असलेल्या रुग्णाची पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला साध्या दाबानेही काळेनिळे वळ उठू शकतात. हे बोटांना आपोआप कळत नाही, कोणीतरी सांगावेच लागते, आणि औषधे बदलतात तसे पुन्हा सांगावे लागते. असे ऐकणे तासांत मोजता येते. कसब मात्र दुसऱ्या जाणत्या हाताखाली पाठ देऊनच तपासता येते, आणि नूतनीकरणाच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.